पत्राखालचा पत्ता

“पत्ता टाकायचा नाही म्हंजे नाही! एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. आता का स्टॅम्प मारून देऊ?”

“बाबा, पता मैं नहीं माँग रहा. कंपनी माँग रही है.” प्रितमने लॅपटॉप वडिलांकडे वळवला. “तिन्ही कंपन्या मागतात. आईच्या पत्राच्या एकदम खाली, बारीक अक्षरात येतो. कोई पढ़ता भी नहीं.”

“कोनी वाचत नाही तर मांगतात कावून?”

रायपूरच्या विमा ऑफिसात दिवसभर लोकांना समजावून आलेला मुलगा घरी बापाला समजावताना नेहमी थकायचा. त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

कलावती मागच्या दारात पाटावर बसून कोहळा किसत होती. किसणी तिने थांबवली नाही. थांबवली असती तर दोघांनी तिच्याकडे पाहिलं असतं, आणि तुझं काय म्हणणं म्हणून विचारलं असतं. म्हणणं तिच्याकडे होतं. पण नरहरींचा आवाज चढलेला असताना बोललेलं त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

“अवं, तू काही बोलशीन का नाही?” नरहरी तिकडूनच म्हणाले. “तुह्यासाठी चाललं ना हे सारं!”

“कोहळं संपू द्या,” ती म्हणाली.

नरहरी वैरागडे भिलाई स्टील प्लांटच्या स्टोअर्स खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मरोदा सेक्टरमधलं नोकरीतलं हेच क्वार्टर निवृत्तीनंतर त्यांना लायसन्सवर, म्हणजे भाडं भरून फक्त राहण्यापुरतं, ठेवता आलं होतं. दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड, मागे भिंतीने वेढलेलं आंगण. आंगणात सकाळपासून दुपारपर्यंत स्वच्छ ऊन. त्याच उन्हावर कलावतीचं सगळं उभं होतं. माहेरचे धापोडे, म्हणजे तांदळाचे पापड, ती पहिल्यापासून करायची. रखियाच्या वड्या, म्हणजे किसलेल्या कोहळ्यात उडदाची डाळ घालून उन्हात वाळवलेल्या, तिला भिलाईत आल्यावर शेजारच्या छत्तीसगढी बाईने शिकवल्या. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ती वाण म्हणून वड्याच द्यायची. एकेक घर निवृत्त होऊन मुलांकडे नागपूरला, पुण्याला, बंगलोरला निघून गेलं, आणि तिकडून फोन येऊ लागले, कलावती, वड्या पाठवशील का गं?

पार्सलमध्ये ती चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीचं पत्र झालं. मग प्रितमने ईमेल उघडून दिला आणि महिन्याचं एक पत्र सगळ्यांना जाऊ लागलं. मरोद्याच्या तळ्यावर या वर्षी पाखरं उशिरा आली. वादळात कोपऱ्यावरचा गुलमोहर पडला, आता बस थांबते तिथे सावली नाही. गणपतीत अमक्यांच्या सुनेने नाट्यगीत म्हटलं, पेटीवाला मधेच झोपला. आणि शेवटी चार ओळी, या महिन्यात काय वाळवलं आहे, कोणाला हवं. खाली सही, तुमची मरोद्याची कलावती.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पाहिलं होतं. ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबून गेलं. ईमेल मात्र लोक वाचायचे. कोणाचा मुलगा अमेरिकेत बापाला मोठ्याने वाचून दाखवायचा. कोणी उलट दोन पानं लिहायचं. वड्या हातोहात जायच्या, हे खरंच. पण त्या उत्तरांनी कलावतीला पहिल्यांदा कळलं होतं की आपल्यालाही काहीतरी येतं, आणि ते वड्यांच्या बाहेरचं आहे.

दिवाळीच्या आधी मात्र गंमत झाली. वाचणारे वाढले होते. फुकटच्या ईमेलवरून एका दमात एवढ्यांना पत्र गेलं म्हणून ईमेलवाल्यांनी खातंच बंद करून टाकलं. ते पुन्हा उघडलं, पण तेव्हापासून पत्रं लोकांच्या कचऱ्याच्या कप्प्यात पडू लागली. दिवाळीचे डबे कपाटावर तसेच राहिले. पुण्याहून एका जुन्या शेजारणीचा फोन आला, “बरी आहेस ना गं? पत्र नाही, मला वाटलं आजारी पडलीस.”

म्हणून आता ही खटपट. अशी पत्रं पाठवून देणाऱ्या कंपन्या असतात, असं प्रितम म्हणाला, आणि त्याने तीन काढल्या. पहिली परदेशी. देखणी, पण पैसे डॉलरमध्ये, आणि फोनवर तिच्यातली जोडाक्षरं फुटायची. दुसरी फुकट, पण प्रत्येक पत्राखाली स्वतःचा शिक्का मारायची आणि थोड्याच माणसांना पाठवू द्यायची. तिसरी आपल्याच देशातली. महिन्याला थोडं शुल्क, अक्षरं साफ. प्रत्येकीत, ज्याला पत्र नको असेल त्याने एक बटण दाबून नाव काढून घ्यायची सोय होती. नरहरींना तो अपमान वाटला. “आपन का जबरदस्ती करून राहिलो?” कलावतीला ते पटलं. नको असेल त्याला नको म्हणता आलं पाहिजे. तिने तिसरी मनात धरली होती.

आणि तिथे हे पत्त्याचं आलं. व्यवसायाचं पत्र, तर पाठवणाऱ्याचा खरा, टपाल पोचेल असा पत्ता खाली हवाच.

“क्वार्टर राहाले देलं हाय, धंद्याले नाही,” नरहरी म्हणत होते. “आपले अर्धे गिऱ्हाईक जुने ऑफिसर. एकानं जरी पत्र क्वार्टर ऑफिसात फॉरवर्ड केलं तर? या वयात मी सामान घेऊन कुठे जाऊ?”

त्यांचा आवाज शेवटी थोडा फाटला. कलावतीने किसणी खाली ठेवली. हा माणूस घाबरलेला आहे, हे तिला दिसत होतं. तीस वर्षं तीही याच भिंतींत राहिली होती.

“तो फिर कोई भी पता डाल देते हैं,” प्रितम म्हणाला. “रायपूरचा टाकू. कौन देखने आ रहा है?”

“वाचनारे सारे भिलाईचे हायत, बेटा,” कलावती म्हणाली. “स्ट्रीट आन क्वार्टर नंबर सांगितला तर दाराले कोन्ता रंग होता थे सांगतात. त्याईले मी खोटा पत्ता देऊ?”

नरहरी पोस्टात जाऊन आले. टपालपेटी भाड्याने मिळते असं त्यांच्या आठवणीत होतं. काउंटरवरच्या बाईने सांगितलं, अर्ज द्या, एखादी रिकामी झाली की बघू. कधी, ते तिलाही माहीत नव्हतं.

रविवारी सीमा आली. नरहरींच्या धाकट्या भावाची बायको. रिसालीत तिचं स्वतःचं दुमजली घर होतं आणि ते स्वतःचं असल्याचं ती कोणाला विसरू देत नसे.

“एवढंच ना ताई? माह्या घरचा पत्ता टाका की. त्याले का लागते?” सीमाने वडी मोडून तोंडात टाकली. “पन मंग खाली नाव कोनाचं येईन? पत्ता माहा आन नाव तुमचं, लोक म्हनतीन हे का गौडबंगाल! दोघींचं टाकू. सीमा-कला गृहउद्योग. चांगलं वाटते ना, भाऊजी?”

“फस्ट क्लास!” नरहरी खुलले. “घरचा तर घरचा पत्ता!”

“आन पत्रात नुसतं मरोदा-मरोदा कावून? रिसालीचं बी लिहा ना काही. आमच्याकडे नवीन गार्डन झालं, झुले लावले.”

“तू लिहून दे झुल्याचं,” कलावती म्हणाली.

“मी? बाप्पा! मले कुठे टाइम? तुमी घरीच असता.”

प्रितमला हसू आलं, ते त्याने चहात बुडवलं. कलावती म्हणाली, विचार करते. सीमा गेल्यावर तिने उरलेल्या वड्या डब्यात भरल्या, आणि झाकण लागेना म्हणून ते दोनदा आपटलं.

विचार तिने केला. चार दिवस केला. सीमा वाईट नव्हती, आणि पत्ता तर काय, बारीक अक्षरातली एक ओळ. पण सहीच्या जागी सीमा-कला लिहून पाहिलं की पुढचं पत्रच सुचत नव्हतं.

त्या चार दिवसांत नरहरींनी मात्र कोणाला न सांगता आपल्या मनाने एक गोष्ट केली. साऱ्या नोकरीत त्यांनी एक खिळासुद्धा मंजुरीवाचून स्टोअरबाहेर जाऊ दिला नव्हता. अर्ज केला, पोच घेतली, की माणूस सुटला, हा त्यांचा धर्म. त्यांनी क्वार्टर ऑफिसला रीतसर अर्ज लिहिला. माझी पत्नी घरी वड्या करते, तिच्या ईमेलखाली या निवासाचा पत्ता छापण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.

एका सकाळी क्वार्टर ऑफिसची दोन माणसं दारात उभी राहिली. आंगणात तीन खाटांवर जुन्या लुगड्यांवर वड्या पसरलेल्या. कलावती आणि मदतीला येणारी मैनाबाई चौथी खाट लावत होत्या. तरुण माणसाने मोबाइल काढून फोटो घेतले. वडीलधारा अवघडून म्हणाला, “भाभीजी, ये सब घर के लिए?”

कलावतीने तोंड उघडलं. त्याआधी नरहरी बोलले, “हाँ हाँ, घर के लिए ही. रिश्तेदार बहुत हैं.”

वडीलधाऱ्याने खाटा पाहिल्या. “बड़ा खानदान है, वैरागडे साहब.” मैनाबाईने पदर तोंडाला लावला. तो हसला नाही; उलट त्यालाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. “आपने लिखकर दे दिया, इसलिए आना पड़ा. नहीं लिखते तो हम झाँकते भी नहीं.”

नरहरी त्यांच्याबरोबरच ऑफिसात गेले. आले ते संध्याकाळी, हातात जिलेबी घेऊन. नोटीस नाही, काही नाही. प्रकरण मिटलं होतं. किती दिवसांनी ते खुर्चीत पाठ टेकून बसले.

“कसं मिटलं?” कलावतीने विचारलं.

“लिहून देलं.”

“काय लिहून देलं?”

“हेच, का इथे कोन्ताही व्यवसाय चालत नाही, पुढे चालनार नाही. पत्नी गृहिनी आहे. फावल्या वेळात घरच्यापुरत्या वड्या करते.”

“फावल्या वेळात.”

“अवं, लिहाची भाषा असते थे! त्याचं का मनावर घेतं? घर वाचलं आपलं!” त्यांनी जिलेबी तिच्यापुढे केली. “आता चार महिने पत्र-गित्र बंद. नाहीतर सीमाच्या नावानं चालू दे. मैनाबाईले सांगून दे, येऊ नको.”

कलावतीने जिलेबी घेतली आणि खाल्ली. ती भांडली नाही. भांडायला समोर वाईट माणूस लागतो. हा तर खुर्चीत डोळे मिटून बसला होता, किती दिवसांनी निश्चिंत. त्याने तिच्या कामावर सही करून ते नाहीसं केलं होतं, आणि तिला जिलेबी आणली होती.

मैनाबाईला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मैनाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. “अब कहाँ जाऊँगी, दीदी?” एवढंच म्हणाली. तिच्या मागे आंगणात रिकाम्या खाटा भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या आणि ऊन नुसतंच फरशीवर पडलं होतं.

दुपारी कलावती ऑटोने पावर हाउसला, स्टेशनजवळच्या बाजारपेठेत गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत ती वर्षानुवर्षं डाळ दळायला न्यायची ती चक्की होती. चक्कीच्या वर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या असल्याचं तिला ठाऊक होतं. चक्कीवालीने चावी दिली. भिंतींवर पिठाचा पांढरा थर, खाली पट्ट्याची धडधड, मिरची दळली की डोळ्यांत पाणी. वर गच्ची होती. ऊन होतं, पण आगगाड्यांचा धूरकट वारा त्याच्यासोबत होता. गच्चीवरून तळं दिसत नव्हतं. दिसत होती ती टपऱ्यांची छपरं, उभे ऑटो आणि स्टेशनचा पूल. इथून काय लिहायचं? या वयात, नवऱ्याचं घर असताना, परक्या गच्चीवर. लोक काय म्हणतील ते तिला शब्दाशब्दासकट ऐकू आलं, सीमाच्या आवाजात.

खाली आल्यावर चक्कीवालीने विचारलं, “भाड़े का काग़ज़ किसके नाम से बनेगा? भाईसाब के?”

चक्की थांबल्यावर कलावतीने आपलं नाव सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. नरहरींना वांग्याची भाजी आवडली होती, ते दुसऱ्यांदा घेत होते. कलावतीने त्यांना वाढलं, प्रितमला वाढलं आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

“प्रितम, तिसरी कंपनी घे. पत्ता लिहून घे. कलावती वैरागडे, पहिला माळा, चक्कीच्या वर, पावर हाउस, भिलाई.”

नरहरींनी वर पाहिलं. “कोनाची खोली थे?”

“माही. भाड्यानं घेतली.”

“मले न इचारता?”

“तुमी लिहून देलं ना, इथे काही चालनार नाही म्हनून. तर इथे चालनार नाही.” तिने भातावर वरण घेतलं. “सोमवारपासून मी आन मैनाबाई तिकडे. सकाळी जाईन, दिवे लागता लागता येईन. दुपारचा सैपाक या घरात मी करनार नाही. तुमचं तुमी पाहून घ्या.”