बिननावाच्या बियांची पुडी

गेल्या शनिवारी इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटबाहेर मी एक पराक्रम केला... आईने लावलेली नऊच्या नऊ रोपं उपटून, कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या चुटमध्ये टाकली.

थोडं मागचं सांगतो. बाबा गेल्यावर आईला आम्ही लातूरजवळच्या गावाहून इथे आणलं. दोन महिने ती नुसती खिडकीशी बसून असायची. बोलणं एकच... माझं तिकीट कधी काढतोस?

मग एक दिवस तिने बॅगेतून वर्तमानपत्राची पुडी काढली. बाबांनी पुढच्या पेरणीसाठी धरलेलं बी, त्यावर नाव ना गाव. कसलं आहे गं, म्हटलं तर म्हणाली, "उगवलं की कळंल." कॉरिडॉरमध्ये तीन कुंड्या आल्या आणि आई रोज सकाळी त्यांच्यापाशी दिसू लागली. मला केवढं हायसं वाटलं होतं!

शनिवारी आई आणि माझी बायको मेधा किराणा आणायला लिटिल इंडियात गेल्या होत्या. शेजारचे चिनी अंकल कुंड्यांपाशी थांबले आणि हसत म्हणाले, "दिस वन नॉट गांजा, राइट? केअरफुल लाह."

ते गेले आणि मी रोपांकडे नीट पाहिलं. पंजासारखी पानं, कडेला दाते... फोनवर गांजाचं पान शोधलं, तर मला तरी हुबेहूब तेच दिसलं. इथे गांजा सापडला तर थेट तुरुंग, जास्त असला तर फाशीसुद्धा. नोकरी, इथे राहायचा पास, मुलीची शाळा... दहा मिनिटांत मनातल्या मनात मला अटकसुद्धा होऊन गेली.

प्रज्ञाला फोटो पाठवले. ही आमची नागपूरची मैत्रीण, इथेच वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करते. तिचं उत्तर येईपर्यंत मला धीर निघेना. रोपं उपटली, टाकली, हात धुतले.

अर्ध्या तासाने मेसेज आला, "अरे बावळटा, अंबाडी आहे ती!"

मग फोनवर तिने माझी शिकवणीच घेतली. गांजाच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात, अंबाडीचं पान एकच असतं, नुसतं फाटलेलं. कुंडीत न उगवलेलं एक बी सापडलं, त्याचाही फोटो पाठवला. राखाडी, तिकोनी... गांजाचं बी गोलसर, गुळगुळीत आणि नक्षीदार असतं म्हणे.

"पण बी बघून फक्त वनस्पती कळते, वाण नाही," ती म्हणाली. गांजाचंही तेच... कोणता वाण, नर की मादी, हे नुसतं बी बघून तज्ज्ञालाही सांगता येत नाही. वाणासाठी त्याचे आईबाप माहीत हवेत, नाहीतर लॅबमध्ये तपासायला हवं. आमच्या रोपांत काही देठ लाल होते, काही हिरवे. बाबांनी दोन्ही वाणांचं बी एकत्र धरलं असणार.

म्हणजे मी इंटरनेटला विचारलं, पीएचडी झालेल्या मैत्रिणीला विचारलं... आणि जिने जन्मभर अंबाडीची भाजी केली, तिला एक फोन केला नाही.

आई आली. रिकाम्या कुंड्या बघून दारातच थांबली. मी सगळं सांगून टाकलं. बाबांच्या हातचं शेवटचं बी होतं ते, आणि तिला इथे धरून ठेवणारं तेवढंच होतं... हे मला सगळं टाकून झाल्यावर कळत होतं.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात ती पुडी होती... अर्धी भरलेली!

"तुझे बाबा सगळं बी एकदम कधीच पेरत नव्हते. पाऊस दगा देतो म्हणायचे," ती म्हणाली. "हितं पाऊस बरा, पोरगंच दगा देतंय!" आणि हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मेधाने हळूच डोळे पुसले.

रविवारी आईने माझ्याकडून पेरून घेतलं. अंकलनाही मी फोटो दाखवून सगळं समजावलं, आता ते भाजीची वाट बघतायत.

आज सकाळी पाणी घालत होतो, चार कोंब वर आलेत. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "या वेळी लाल देठाचं बी वेगळं धरायचं बघ. बोंडं वाळायला चार-पाच महिने तरी लागतील."

मी नुसता "हो" म्हणालो, तिकिटाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही... आणि आधीच भिजलेल्या कुंडीत उगाचच आणखी थोडं पाणी घातलं.