सुकाणूला हात

कोकणात आमच्या बंदरावर एक रीत होती. होडीच्या सुकाणूला बाईने हात लावायचा नाही. का, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. चौथी शिकलेला माणूस मी. शाळेतलं सगळं विसरलो, पण एवढं मात्र लंडनजवळच्या इल्फर्डपर्यंत बरोबर आणलं.

इथे मी हॉस्पिटलात पोर्टर होतो आणि बायको तिथेच नर्स. दोन हजार सालानंतर दोघं रिटायर झालो आणि एसेक्सच्या एका खाडीत बांधलेली जुनी, बावीस फुटी शिडाची बोट घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, क्रूझला जा ना." क्रूझचा वाऱ्याशी काय संबंध? मी बापाच्या होडीवर वाढलो. मला हातात दोर लागतो.

बायको घाटावरची. पोहायला चाळिशीत शिकली, इथल्या पूलमध्ये. बोटीत ती पुढच्या छोट्या शिडाचा दोर धरायची, थर्मासातला चहा द्यायची आणि काट्यावरचा वेग मोठ्याने वाचायची. "पाच. साडेपाच." वॉर्डात ब्लडप्रेशर सांगायची त्याच आवाजात. सुकाणू माझं. चार वर्षं तिने कधी मागितलं नाही.

सप्टेंबरातली गोष्ट. सकाळी समुद्रावर गेलो, दुपारी परत फिरलो तर पूर्वेचा वारा चांगलाच चढलेला.

"अहो, मोठं शीड अर्धं करा. रेडिओवाला वाऱ्याचा जोर सहा म्हणाला होता."

"तो लंडनात खुर्चीवर बसलाय."

"तुम्ही बोटीत बसलायत म्हणून तर सांगतेय."

मी ऐकलं नाही. वारा पाठीमागून असला की अंगाला लागत नाही, सगळं गोड वाटतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली होती. बाहेर निघालेलं पाणी समोरून वारा आला की उभं राहतं, हे मला बापाने लहानपणीच शिकवलेलं. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. पण बोट पळत होती. लाटेच्या पाठीवर चढायची, क्षणभर थांबायची आणि मग सुसाट सुटायची. मी साठी उलटलेला, पण दात काढून हसत होतो.

"सात," ती म्हणाली. मग, "आठ." मग काटा बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. "बास झालं आता. मी तुमच्याशी लग्न केलंय, वाऱ्याशी नाही."

त्याच लाटेवर बोटीची शेपूट घसरली. मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा उजवीकडून डावीकडे तोफेसारखा आला. डोकं वाचवायला मी हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला. बोट कुशीवर पडली. मी तळात, कमरेएवढ्या पाण्यात. थर्मास गेला तो गेलाच.

सुकाणू सुटलं की ती बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. तशी राहिली. वर शीड पिसाटासारखं फडफडत होतं आणि बाजूला, दगड टाकला तर पडेल एवढ्या अंतरावर, वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटत होत्या. आम्ही तिकडेच सरकत होतो.

बायको मागे येऊन बसली. केस तोंडावर, चष्मा एका कानाला लटकलेला.

"आता लावू का हात? की गावी पत्र टाकून विचारू?"

"लाव, बाई."

तिने सुकाणूचा दांडा धरला. "तुमचा डावा हात चालतोय ना? मग मोठं शीड वर धरणारा दोर सोडा. रडायचं नंतर." मी सोडला. शीड धाडकन खाली आलं. राहिलं फक्त पुढचं छोटं. तेवढ्यावर तिने बोट वळवली, वाळूला पाठ दाखवली आणि लाट येताना मागे वळून बघत, एकेक लाट सरळ पाठीवर घेत आत आणली. मी तळात बसून तिचे हात बघत होतो. एकदाही चुकली नाही.

"कुठे शिकलीस?"

"चार वर्षं समोर बसून दुसरं काय बघत होते?"

एक्सरेवाल्याने विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, "ऐकायचं नाही असं ठरवलं होतं ह्यांनी."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण सुकाणू काही परत मिळालं नाही. मी मागितलंही नाही. मी पुढच्या दोरावर, काटा वाचायचं काम माझं. ती वेळेवर शीड लहान करायची आणि तरी माझ्याहून जोरात पळवायची. "सात," मी सांगायचो. "घाबरलात?" ती विचारायची. हो, घाबरायचो. ते दिवस मला रोज हवेत.

काही वर्षांनी, फेब्रुवारीत ती गेली. पोटाचा आजार, तीन महिन्यांत खेळ संपला. लोक म्हणाले, सुटली. काय सुटली? तिला जायचं नव्हतं.

मे महिन्यात एकटाच बोटीवर गेलो. वारा जेमतेम. शीड चढवलं, बोट सोडली आणि सवयीने पुढचा दोर धरून बसलो. काट्यावर दोन होते. "दोन," मी म्हणालो. बोट हळूच वळली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, शीड फडफडायला लागलं. मागे बघितलं तर सुकाणूचा दांडा आपला इकडून तिकडे हलत होता.

"लावू का हात?" मी विचारलं.

मग मागे जाऊन तिच्या जागेवर बसलो.