दुसराच मदरबोर्ड

लग्न मोडून मी अमरावतीला बाबांकडे परत आले तेव्हा चौतीस वर्षांची होते. आई आधीच गेली होती. बाबा सकाळी फुलं विकायला फुलबाजारात जायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवावंसं वाटत नव्हतं, बोलावंसं वाटत नव्हतं. मोबाइलवर गेमिंग कॉम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ मात्र तासन्‌तास बघायचे. सासरी मी गेम खेळते म्हणून पोरकट ठरले होते. आता मला स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. तेवढीच एक गोष्ट हवीशी वाटत होती, म्हणून मी तिला घट्ट धरून बसले.

प्रोसेसर मी ऑनलाइन मागवला. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड निवडण्यात दोन महिने घालवले. कुठला बोर्ड कुठल्या प्रोसेसरला चालतो, रॅमला किती जागा आहे, सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी एका मॉडेलवर बोट ठेवलं.

दुकानात बाबा सोबत आले. दुकानदाराने माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारलं, "नातवासाठी पाह्यजे का काका?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

मी सांगितलेला बोर्ड त्याच्याकडे नव्हता. त्याने दुसराच काढला. "सेमच हाय हा. प्रोसेसर बसवाचं सॉकेट तेच हाय, काई फरक नाई पडत."

तो बोर्ड जुना आहे हे मला माहीत होतं. वही माझ्या पर्समध्येच होती. पण बाबा सकाळपासून बाजारात उभे राहून दमले होते, दुकानदार घाई करत होता, आणि मला हो म्हणायची सवय होती. मी हो म्हणाले.

घरी सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. केबल बदलून पाहिली, रॅम काढून परत बसवली. तीन दिवस मी तेच करत होते. शेवटी बोर्ड घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "तुमीच काईतरी बिघडवलं असंल. वापस होत नाई." घरी येऊन मी न्हाणीघरात बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. लग्न टिकवता आलं नाही, आता हेही जमलं नाही. जगून तरी काय करायचं, असं त्या दिवशी खरंच वाटलं.

बाबांनी दार वाजवलं. "कावून रडून राह्यली, माय? बाहीर ये." मी बाहेर आले, तर ते म्हणाले, "अकोल्याले एक चाचा हायेत, बाजारातल्या पोराचं मशीन त्यायनंच दुरुस्त केलं. उद्या जाऊ."

बसमध्ये मी बोर्डाचा डबा मांडीवर धरून बसले होते. चाचांचं दुकान म्हणजे एक टेबल आणि एक दिवा. त्यांनी प्रोसेसर कुठला ते विचारलं आणि बोर्ड भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला.

"बोर्ड सही हाय बेटा," ते म्हणाले. "तुहा प्रोसेसर नवा हाय, अन्‌ यातलं सॉफ्टवेअर जुनं. ते त्याले वळखतच नाई. तू काई नाई बिघडवलं."

शेवटचं वाक्य मी त्यांना परत म्हणायला लावलं.

त्यांनी स्वतःकडचा, त्या बोर्डाच्या ओळखीचा एक जुना प्रोसेसर माझ्या हातात दिला. "तूच बसव." मी बसवला. स्क्रीनवर अक्षरं उमटली. मग नवं सॉफ्टवेअर चढायला लागलं. "आता लाइट गेली तं बोर्ड गेला," असं म्हणत त्यांनी यूपीएसची वायर चाचपली. टक्केवारी हळूहळू सरकत होती. बाबांनी डोळे मिटले होते. साठपाशी ती थांबली, आणि मी मनातल्या मनात हात जोडून विनवण्या केल्या, कुणाला ते माहीत नाही. मग एकसष्ट झालं.

सॉफ्टवेअर पूर्ण चढलं, माझा प्रोसेसर बोर्डावर परत बसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेम सुरू झाला. हिरवं माळरान आणि त्यात चालणारी एक बाई.

"हे कोन हाय?" बाबांनी मागून विचारलं.

"मी."

"कुठी चालली?"

"माहीत नाही, बाबा."

माझं दुःख तसंच होतं. पुढच्या आठवड्यात घटस्फोटासाठी कोर्टात जायचं होतं. पण बाबांनी खुर्ची ओढली, दोन ताटं टेबलावर आणून ठेवली, आणि स्क्रीनकडे बघत मी अख्खी भाकर खाल्ली.