सुईखालचं पाणी

आमच्या लॅबमध्ये रीडिंगला रजिस्टर आहे, किश्श्यांना नाही. तरी रीडिंग हरवतात आणि किस्से मात्र साठत जातात!

चंद्रपूरच्या एका कॉलेजात, फिजिक्स विभागाच्या मागची ही खोली. काचेच्या प्लेटमध्ये पाणी, त्याच्या जेमतेम वर एक सुई, सुईला हजारो व्होल्ट. मधली हवा जांभळी उजळते आणि त्या ज्योतीचं टोक पाण्याला टेकतं. यालाच प्लाझ्मा म्हणायचं. हवेतलं काहीबाही त्यातून पाण्यात उतरतं, पाणी आंबट होतं. अशा पाण्यात भिजवलेलं बियाणं चांगलं उगवतं का, हे आम्ही शोधतो. आम्ही म्हणजे सर, पीएचडी करणारी मंदा, लॅब अटेंडंट रशीदभाऊ आणि तासांमधून वेळ चोरणारा मी.

*

एकदा ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातले एक इंजिनिअर लॅब बघायला आले. ज्योत बघून दोन पावलं मागे सरकले.

"अशी ठिणगी आमच्या इथी दिसली तं आम्ही धावपळ करतो, आन् तुम्ही तिले जपून राह्यले!"

"जपावंच लागतं," सर म्हणाले. "विझली की मंदाचा दिवस गेला."

सर हसले नव्हते. मंदा तर नाहीच.

*

एका उन्हाळ्यात ज्योत रोज दुपारी थरथरायची आणि विझायची. पॉवर सप्लाय दोनदा खोलला. मी वायरिंगला नावं ठेवली, सरांनी मला.

रशीदभाऊंच्या घरी पिढ्यान् पिढ्या घड्याळदुरुस्ती. बारीक हालचाल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ते चहाचा कप टेबलावर ठेवून नुसते बघत बसले होते.

"सर, मशीनले काऊन बोलता? चहा पाहा."

चहावर गोल गोल लाटा! कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंगची वेळ झाली होती. जमीन हलली की प्लेटमधलं पाणी हलायचं आणि ज्योत तुटायची. तीन फिजिक्सवाले खोलीत असून हे कपाने सांगावं लागलं. तेव्हापासून ब्लास्टिंगच्या वेळी आमच्याकडे चहाची सुट्टी असते.

*

पुढचा किस्सा सांगताना अजूनही कोणी हसत नाही.

मंदाचं पाणी एका मर्यादेपुढे आंबट होईचना. तीन महिने तिने तेच तेच मोजलं. एक दिवस ती लवकर आली, तर रशीदभाऊ ड्रॉपरने प्लेटमध्ये नळाचं पाणी भरत होते.

ज्योतीखाली पाणी उडून जातं, पातळी खाली जाते, अंतर वाढतं, ज्योत विझते. ती विझू नये म्हणून ते मंदा चहाला गेली की पातळी अगदी बरोबर करून ठेवायचे. पण आमच्या नळाचं पाणी चुन्याचं. तो चुना सगळा आंबटपणा खाऊन टाकत होता.

मंदा ओरडली नाही. तीन महिन्यांची पानं तिने आडवी रेघ मारून बाद केली, एकेक. रशीदभाऊ स्टुलावर बसून ते बघत राहिले.

"मंदाबाई," ते शेवटी म्हणाले, "यापुढं प्लेटले हात लावन तं सांगजा."

त्यांनी खरंच लावला नाही. टेबल पुसतानासुद्धा प्लेटभोवती वीतभर जागा सोडायचे. मला ते बघवायचं नाही.

*

मंदाचं गाव भामरागडच्या पलीकडे, जंगलात. आई वारली तेव्हा घरात तिने सुकलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात जपलेलं जुन्या जातीचं धान राहिलं होतं. ते गावात आता कोणाकडेच नाही. वडिलांनी दोनदा पेरलं, उगवलं नाही. उरलेले वीस दाणे मंदाने लॅबमध्ये आणले.

तिला सगळे सुईखालच्या पाण्यात भिजवायचे होते. सर म्हणाले, "दहा त्या पाण्यात, दहा तुलनेला साध्या. नियम म्हणजे नियम." मंदाने मान खाली घालून दाणे मोजले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, वडिलांना ताप. मंदा गेली आणि मागे नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला. फोन लागेना. सर आणि मी नागपूरला परीक्षेच्या कामात. डिस्टिल्ड पाण्याच्या कपाटाची किल्ली सरांच्या खिशात!

लॅबमध्ये एकटे रशीदभाऊ, आणि दोन्ही प्लेटी सुकत चाललेल्या.

आठवड्याने मंदा आली, बरे झालेले वडीलही सोबत. प्लेटीजवळ रजिस्टर उघडं होतं. रशीदभाऊंच्या अक्षरात लिहिलेलं: "दोन्ही प्लेटी सुकल्या होत्या. माझ्या बाटलीतलं पाणी टाकलं. रोज दहा-दहा थेंब. चूक माझी. रशीद."

दोन्ही प्लेटींत एकेक हिरवा कोंब होता. म्हणजे प्रयोग बाद. सरांनी पानावर रेघ मारली. मंदाने पेन घेतलं आणि "चूक माझी" एवढेच शब्द वेगळे, गिरवून गिरवून खोडले. रशीदभाऊ दाराशी उभे होते, हात मागे बांधून.

वडील दोन्ही प्लेटींवर वाकले. मग त्यांनी विचारलं, "पोरी, कोणत्या पाण्यानं उगवले?"

मंदाने सुईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"रशीदभाऊच्या."