एलिसेओचा भाऊ

वेनान्सियो मनिलाच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजला, चषक जिंकले, न्हाव्यांच्या दुकानांतून त्याची चित्रं लागली. आमच्या गावात मात्र त्याला अजून एलिसेओचा भाऊच म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

वडील मासेमारीला गेले ते परतले नाहीत. थोरल्या एलिसेओने शाळा सोडून भाड्याची तीनचाकी चालवायला घेतली आणि धाकट्याला चर्चमागच्या कोर्टवर रबरी चपलांत दमवला. एलिसेओच सरस खेळायचा. कोर्टालगत केळी भाजता भाजता मी हे डोळ्यांनी बघितलंय. मनिलाचं बोलावणं दोघांनाही आलं होतं. घरात लहान बहिणी होत्या, म्हणून एलिसेओ गेला नाही. त्याने कधी रडगाणं गायलं नाही. पण आपण किती पाण्यात होतो हे कळायचं राहून गेलं, ही खंत त्याला आतून खात असे.

यंदा वेन निवृत्त होऊन परतला, तो ऐन गावच्या सणात. सणाच्या स्पर्धेत मनिलात खेळलेल्यांना मज्जाव असतो. भावाशेजारी एकदा तरी उभं राहायचं म्हणून वेनने अंतिम सामन्यापुरती सूट मागितली. समोर पलीकडच्या वस्तीचा संघ होता. त्यांचा कप्तान हसत म्हणाला, "खेळू दे की! पण आमच्याकडून."

आमची माणसं खवळली. एलिसेओ म्हणाला, "चालेल. त्याला मीच अडवणार."

"मानोंग, वेड लागलंय का? गुडघे बघ तुझे!" धाकटा म्हणाला. आमच्याकडे थोरल्या भावाला मानोंग म्हणतात.

"गुडघ्यांचं मी बघतो. तू दया दाखवलीस, तर पुन्हा मला मानोंग म्हणायचं नाही."

वेनने दया दाखवली नाही. आमच्या पोरांची त्याने पार दाणादाण उडवली. पण एलिसेओ समोर आला की त्याचं काही चालेना.

"अरे वेन, मनिलाला परत जा, तिकडं सोपं असतं!" मी ओरडले. माझी केळी करपली, करपू देत.

शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू वेनकडे होता. त्याची डावीकडून घुसायची चाल अख्ख्या देशाला पाठ, तरी कुणाला रोखता आली नव्हती. एलिसेओने डावी वाट बुजवून टाकली. वेन थबकला, गर्रकन उजवीकडे फिरला, मागे झुकत उडाला. चेंडू जाळीतून पडला आणि शिट्टी वाजली.

बक्षिसाचं डुक्कर पलीकडच्यांनी नेलं. लोक एलिसेओवर करवादले. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

"ही उजवीकडची चाल मी नव्हती शिकवली," तो म्हणाला. "कुठून आणलीस?"

"तुझ्यामुळंच शिकलो. लहानपणी डावीकडून तू मला जाऊच द्यायचा नाहीस, म्हणून तू नसताना एकट्यानं शोधून काढली."

"मग टीव्हीवर कधी दिसली नाही ती?"

"तिकडं लागलीच नाही, मानोंग. डावीकडून मला अडवणारा तिथं कुणी भेटलाच नाही."