मशीनचा पलीकडचा दांडा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरुणपणी स्मशानाशेजारच्या वावरात रात्र-रात्र पाणी भरलंय मी... तिथं मला धरलं ते फक्त डासांनी. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

पारनेरला बाजारतळामागे आमचं स्लॅबचं घर आहे. पन्नाशीत पोट सुटलं तेव्हा पुढच्या खोलीत मी जिम थाटली — ट्रेडमिल, सायकल, डंबेल्स, भिंतीला मोठा आरसा! थोड्याच दिवसांत ट्रेडमिलवर टॉवेल वाळू लागले आणि सायकलच्या हँडलला कांद्याची पिशवी लटकली. यंत्रं संसाराला लागली म्हणा ना.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. पाय वाचले, उजवा हात मात्र लुळा पडला. नगरच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी टेबलावर ठेवून हातानं फिरवायचं पेडल-मशीन आणायला लावलं. त्याला दोन बाजूंना दोन दांडे, एक फिरला की दुसराही फिरणारा. डावा हात मांडीवर ठेवायचा आणि उजव्यानं आपल्याकडचा दांडा फिरवायचा. आत्ता हात चालवला नाही तर तो कायमचा गेला समजा, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं.

आई मशीनला हात लावेना. डाव्या हातानं जेवायची तिला लाज वाटायची, म्हणून आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. एकदा फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, "एकटीनं कधी दळलंय का मी? समोर अक्का लागायची."

अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी काकू. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या लहानपणी पहाटे दोघी जात्यावर समोरासमोर बसत, एका खुंट्यावर दोघींचे हात. ओवीची पहिली ओळ आईची, दुसरी अक्काची. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो. मांडी हलायची, जातं घरघरायचं, बाजरीचं ऊन ऊन पीठ केसांत उडायचं. तसाच शाळेत गेलो की मास्तर विचारायचे, काय रे, एका रात्रीत म्हातारा झालास? अशी झोप पुन्हा कधी लागली नाही...

तर एके दिवशी भरदुपारी मी बाजारातून घरी आलो. बायको, सुनंदा, स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखी उभी. आत मशीनची घरघर. आई उजव्या हातानं दांडा फिरवत होती! ओवीची पहिली ओळ म्हणायची... मग गप्प. दुसरी ओळ जेवढी चालेल तेवढा वेळ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसायची, आणि मग पुढची ओवी धरायची.

सुनंदा माझ्या कानात कुजबुजली, "सकाळी मशीन खडखडत हुतं. आत्याबाई म्हनल्या, खुंटा ढिला झालाय, आवळ. मी वरचं बटन गच्च पिळलं."

जात्याचा खुंटा घट्ट करतात तसं! अहो, ते बटण मशीन जड करायचं; जितकं पिळावं तितका दांडा फिरवायला जड.

तेवढ्यात आईचा हात सुटला. इतकं आवळलेलं मशीन जागच्या जागी थांबायला हवं की नाही? त्यानं सावकाश आणखी एक फेरा घेतला, आणि दांडा आईच्या हाताजवळ येऊन थांबला. कुणी आणून द्यावा तसा.

मी पुढे होऊन समोरच्या खुर्चीत बसलो, पलीकडचा दांडा धरला आणि जोर लावला. तसूभर हलेना. दोन्ही हात लावले, तरी नाही.

आई शांतपणे म्हणाली, "बापू, ऊठ तिथनं. अक्काला बसू दे."

मी असा उठलो की तेवढा व्यायाम मला ट्रेडमिलनं कधी दिला नसेल.

त्यानंतर रोज दुपारी दळण चालू झालं. आम्ही ती खुर्ची रिकामी ठेवायचो आणि बटणाला हात लावत नव्हतो. हळूहळू बोटं वळायला लागली. एके दिवशी आईनं स्वतः भाकरी थापली — एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी — आणि आमच्याकडे तोंड करून उजव्या हातानं खाल्ली. धुराशिवायच सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून आई मशीनकडे फिरकली नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंना सगळं सांगितलं. मेंदू, सवय, जुन्या आठवणी, असं बरंच त्या समजावत होत्या. मग त्यांनी दांडा फिरवून पाहिला, तर तो त्यांनाही हलेना. मेंदूचं मला पटतं हो, पण हात सुटल्यावरचा तो फेरा? त्याचा उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर जरूर कळवा.

आईला मात्र मी विचारलं होतं, का गं थांबलीस?

"अक्का गेली," ती म्हणाली. "म्हनली, हात आला तुझा, आता माझं काय काम?"

आणि तिनं पदरानं डोळे पुसले. उजव्या हातानं.