स्टेपनी : शिल्लक एक नग

लिफ्टच्या कंपनीत एकतीस वर्षं स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावं. पण तिच्याकडे मोकळा वेळ असेल तेव्हाच, कारण उत्तर बरंच लांब आहे. घरात तीन विजेऱ्या, दोन इस्त्र्या, चष्म्याच्या चार जुन्या फ्रेम आणि दाराच्या कुलपाच्या इतक्या किल्ल्या, की एखादी चोराला दिली तरी कमी पडू नये. त्यांना सगळे स्टोअरकीपरच म्हणत. निवृत्त झाल्यावरही म्हणत, कारण निवृत्त फक्त नोकरी झाली होती.

नोकरीत त्यांचा एकच नियम होता : कुठल्याही वस्तूचा शेवटचा नग द्यायचा नाही.

"हा दिला आणि उद्या खरंच लागला तर?" ते मेकॅनिकला विचारत.

"साहेब, आज खरंच लागलाय."

यावर ते त्याच्याकडे दयेने बघत. एकदा एका सहा मजली इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि तिला हवा असलेला काड्यापेटीएवढा रिले यांच्या कपाटात, कागदात गुंडाळलेला, सुखरूप होता. त्या प्रकरणात त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी फाइलला लावली आणि एक झेरॉक्स जास्तीची काढून ठेवली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. शोरूममध्ये सगळ्यात आधी डिकी उघडली.

"स्टेपनी कुठाय?"

"सर, या मॉडेलला स्टेपनी येत नाही. पंक्चरचं किट येतं," विक्रेत्याने एक बाटली आणि छोटा पंप दाखवला. "फेस आत सोडायचा, हवा भरायची आणि निघायचं. वजन वाचतं, जागा वाचते."

"टायर बाजूने फाटला तर? तिथे फेस टिकत नाही."

"हेल्पलाइनला फोन करायचा."

"फोन लागला नाही तर?"

"सर, एवढं सगळं एकाच दिवशी कसं होईल?"

"एवढं सगळं एकाच दिवशी होतं, तेव्हाच माणूस अडतो."

त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नाही, हीच घरच्यांची त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

गाडी आली आणि तिच्या मागोमाग वेगळं घेतलेलं पाचवं चाक, जॅक आणि पानाही आला. चाकासाठी गाडीत कप्पाच नव्हता, त्यामुळे ते डिकीत ऐसपैस लोळत पडलं. उरलेल्या जागेत एक छत्री मावे, तीही घडीची.

"अहो, ही गाडी आपण कशासाठी घेतली?" बायकोने विचारलं.

"आईंना कुठे नेता यावं म्हणून."

"मग आईची खुर्ची कुठे ठेवायची?"

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. सात महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. खुर्ची घडी करून डिकीत बरोब्बर बसे. मात्र डिकी रिकामी हवी. "बघू, काहीतरी करू," असं स्टोअरकीपर चार महिने म्हणत राहिले. चार महिने गाडी भाजी आणायला गेली, दाढीचं सामान आणायला गेली. सासूबाई खिडकीतून तिला जाताना आणि येताना बघत.

मग सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. ती लेकाकडे, दूरच्या शहरात कायमची राहायला निघाली होती. गुरुवारी चार दहाची गाडी. ही शेवटची भेट असं कोणीच म्हणालं नाही आणि कोणी म्हणत नाही म्हणूनच ते सगळ्यांना कळलं.

गुरुवारी बायको म्हणाली, "आज डिकीत एकतर ते चाक जाईल, नाहीतर खुर्ची."

स्टोअरकीपरांनी तिसरा मार्ग काढला. सासूबाई पुढच्या सीटवर, बायको मागे आणि घडी केलेली खुर्ची बायकोच्या मांडीवर. चाक डिकीत, जागच्या जागी.

स्टेशन दोन किलोमीटरवर राहिलं असताना, रस्ता खणून ठेवला होता तिथे, एका लोखंडी पट्टीने पुढचा टायर चिरला. तीन वीस झाले होते. स्टोअरकीपर उतरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाजूने फाटलाय."

आवाजातलं समाधान त्यांना लपवता आलं नाही.

"तुमचंच खरं होतं," खुर्चीच्या आडून बायको म्हणाली. "काढा स्टेपनी."

हे वाक्य ऐकण्यासाठी ते चार महिने थांबले होते. ते ऐकून त्यांनी किट काढलं.

"अहो, हे काय? बाजूने फाटल्यावर फेस टिकत नाही, असं तुम्हीच त्या माणसाला सुनावलं होतं ना?"

"हो. पण आपण बघितलेलं कुठाय?"

मग सगळ्यांनी बघितलं. फेस एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या बुटांवर आला. तीन पस्तीस.

"आता तरी स्टेपनी काढा!"

"अगं, ती एकच आहे."

"एकच म्हणजे?"

"ती लावली की आपल्याकडे स्टेपनी राहत नाही. पुढे काही झालं तर?"

"पुढे दोन किलोमीटरवर स्टेशन आहे!"

"खिळ्याला किलोमीटर कळत नाहीत." त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून बासरी वाजू लागली. बायकोने कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला, पण मधे खुर्ची होती.

"जावईबापू, अडलंय कशाने?" सासूबाईंनी काच खाली करून विचारलं.

त्यांनी सगळं क्रमाने समजावून सांगितलं. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे चाक आहे, पण द्यायचं नाही."

"शेवटचा नग आहे, आई."

"आम्ही सहा बहिणी होतो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडेही आता एकच शिल्लक आहे. आणि तिची गाडी चार दहाला आहे."

स्टोअरकीपरांनी फोन कानापासून दूर केला. बासरी चालूच होती. त्यांनी ती बंद केली आणि खिशातून छोटी वही काढली.

"सही लागेल."

"कोणाची?"

"घेणाऱ्याची."

बायकोने खुर्चीवरच वही टेकवून सही केली. आयुष्यात कोणत्याही कागदावर तिने इतक्या जोरात सही केली नव्हती. 'शिल्लक'च्या रकान्यात स्टोअरकीपरांनी शून्य लिहिलं. ते लिहायला त्यांना जरा वेळ लागला. पुढचं काम मात्र, खरं सांगायचं तर, बघण्यासारखं होतं. जॅक, नट, जुनं चाक खाली, नवं वर, सगळं बारा मिनिटांत. फाटलेलं चाक त्यांनी पुसून डिकीत ठेवलं.

चार वाजता ते स्टेशनवर होते. बायको खुर्ची ढकलत फलाटावर पळाली. बहिणींना सहा मिनिटं मिळाली.

"एवढा उशीर?" खिडकीतून धाकटी ओरडली.

"जावई चाक देत नव्हता गं!"

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की सहातली दोन मिनिटं हसण्यातच गेली. उरलेल्या चारांत त्यांनी काही बोलल्याचं बायकोला आठवत नाही. गाडी हलेपर्यंत धाकटीचा हात थोरलीच्या हातात होता.

स्टोअरकीपर त्या वेळी बाहेर आपल्या गाडीभोवती फिरत होते, एकेक टायर तपासत. दोघी परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की शिल्लक शून्य असताना गाडी हलवता येणार नाही. समोरच्या टायरवाल्याने चाक बघितलं होतं. फाटलेली बाजू दुरुस्त होत नाही, नवा टायर उद्या सकाळी मिळेल. तोवर ते इथेच थांबतील.

बायकोच्या भांडणाच्या पलीकडे गोष्ट गेली होती. तिने टॅक्सी बोलावली. टॅक्सीच्या डिकीत खुर्ची अलगद मावली, कारण तिथे स्टेपनी नव्हती.

डिकीचं झाकण लागता लागता सासूबाईंनी पुढच्या सीटवरून विचारलं, "काय गं, माझ्या खुर्चीला जास्तीचं चाक असतं का?"

"हळू बोल, आई," बायको घाईघाईने म्हणाली, "ते ऐकतील."